लिव्हर भरून येताना काय खाल्लं, काय सोडलं

लिव्हरचं ऑपरेशन झालंय म्हटलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग दिवाकरकडे. दिवाकर माझा नवरा. बायकोच्या लिव्हरला काही झालं म्हणजे घरात कुणीतरी पिणारं असणारच, असा आमच्याकडे सरळ समज आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या एका म्हातारीने तर माझ्या खाटेवर बसून विचारलं, "खरं सांग वो पोरी, मोहाची पेत होती का थोडीशी?"

"चायशिवाय काही नाई पेली, माय," मी म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही.

म्हणून आधीच लिहून टाकते. लिव्हरचा प्रत्येक आजार दारूचा नसतो. माझा कुत्र्यांच्या जंतामुळे झाला. आणि ऑपरेशननंतर जो दुसरा फटका बसला, तो घरच्या प्रेमातून बसला, हे लिहिताना अजूनही अवघड वाटतं. ज्यांच्या घरी असं ऑपरेशन झालं आहे किंवा व्हायचं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. मोहर्लीच्या जंगल सफारीच्या गेटवर गाईड आहे. जे अंगावरून गेलं तेवढं सांगेन.

जिप्सीत बसायचं नाही

गाईडचं काम म्हणजे पहाटे गेटवर हजर, पाहुण्यांसोबत उघड्या जिप्सीत, आणि मग जंगलातल्या कच्च्या रस्त्यावर हाडं खिळखिळी होईस्तोवर धक्के. ते काम मला मनापासून आवडतं. आमच्या गेटवर बायका गाईड झाल्या तेव्हा पहिल्या तुकडीत मी होते. सासरचे ढिवर, नवरा तलावावर मासेमारी करणारा, आणि सून हिरव्या ड्रेसमध्ये वाघाचे पगमार्क दाखवते, याचं आधी घरात हसू झालं आणि नंतर कौतुक झालं.

त्या उन्हाळ्यात उजव्या बरगडीखाली जड वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट गच्च. मी ॲसिडिटी समजून गोळ्या खात राहिले. एकदा नाल्यातून गाडी वर चढताना असा धक्का बसला की कळ पार खांद्यापर्यंत गेली. मागे पाहुणे बसले होते. मी दात दाबून पुढच्या झाडावरचं घुबड दाखवलं. घरी आल्यावर मात्र दिवाकरला म्हटलं, "उद्या चंद्रपूरला चला."

सोनोग्राफीवाले डॉक्टर एकाच जागी बराच वेळ मशीन फिरवत राहिले. मग त्यांनी विचारलं, "घरी कुत्री आहेत?"

मला वाटलं, मला बरं वाटावं म्हणून गप्पा मारताहेत. म्हटलं, "गावातली सगळीच आमच्या दारात असतात. मासे साफ केले की गोळा होतात."

"काम काय करता?"

"सफारीत गाईड आहे. जिप्सीत."

त्यांचा हात थांबला. "आजपासून जिप्सीत बसायचं नाही. मोटारसायकलवरही नाही."

कुत्र्याच्या पोटात एक जंत असतो. त्याची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून, हातातून माणसाच्या पोटात जातात आणि लिव्हरमध्ये पाण्याच्या थैलीसारखी गाठ धरते. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. माझी मोठ्या संत्र्याएवढी झाली होती. अशी गाठ आत फुटली तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांनी अगदी शांतपणे सांगितलं. आणि मी अख्खा सीझन तीच गाठ घेऊन नाल्याखोऱ्यांतून उड्या मारत होते.

खरं सांगायचं तर तोवर माझ्या डोक्यात एकच शब्द होता, कॅन्सर. तो नाही म्हटल्यावर मला आनंदच झाला. बाहेर बाकावर दिवाकर बसला होता.

"गाठ हाय का?"

"पाण्याची थैली हाय म्हणते."

"मंग सुईनं पाणी काढत नाई का?"

"नाई. लिव्हरचा तुकडा कापून काढा लागन. नागपूरला."

तो आपल्या चपलांकडे बघत बसला. मग उठून रसवंतीवरून उसाचा रस घेऊन आला. मला एक घोटही गेला नाही. माझ्या हातातला ग्लास घेऊन त्यानेच तो संपवला.

आमचे दादा

इथे मधुकर दादांबद्दल सांगायला पाहिजे. दिवाकरचे थोरले भाऊ, म्हणजे माझे भासरे. गावात त्यांची पीठचक्की आहे. बापाच्या मागे घर त्यांनीच उभं केलं. मी गाईडच्या ट्रेनिंगला जायचं म्हटल्यावर सासूबाई नको म्हणत होत्या, तेव्हा दादाच म्हणाले होते, "जाऊ दे वो माय, पोरगी काही चोरी करून नाई राह्यली."

नागपूरचा दवाखाना दादांनी शोधला. आधी काही आठवडे जंताच्या मोठ्या गोळ्या घ्यायच्या होत्या, मग ऑपरेशन, आणि त्यानंतरही काही महिने त्याच गोळ्या. त्यासाठी गाडी सांगणं, खोली बघणं, रांगेत उभं राहणं, सगळं त्यांनी केलं. रक्त लागेल म्हटल्यावर बाही वर करून सगळ्यांच्या आधी तेच गेले. त्यामुळे पुढे जे झालं त्यात त्यांना खलनायक समजू नका. मी कधीच समजले नाही.

नळी आणि गीतादी

ऑपरेशनचं मला काहीच आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा पोटावर आडवी मोठी पट्टी, कुशीतून एक नळी, तिच्या टोकाला पिशवी. खोकला आला की पोट फाटतं की काय असं वाटायचं. सिस्टरने उशी पोटाशी धरून खोकायला शिकवलं. ज्यांना हे करायचं आहे त्यांनी ती उशी सोडू नये, त्या दिवसांत तिच्याएवढा आधार दुसऱ्या कशाचा नव्हता. सकाळी रक्त काढायला यायचे, मग डॉक्टर मॅडमचा राउंड, मग नळीच्या पिशवीतलं पाणी मोजणं, मग उठून चालायचं. पहिल्यांदा उठले तेव्हा खाटेपासून दारापर्यंतचं अंतर मला मोहर्ली ते चंद्रपूर वाटलं.

मला सगळ्यात जास्त त्रास खाण्याचा झाला. अन्नाचा वास आला की मळमळायचं. बाजूच्या खाटेवर मुलचेऱ्याकडच्या एका बंगाली गावातली बाई होती, गीतादी. तिच्याही लिव्हरचा भाग काढला होता, माझ्या थोडी आधी. एका दुपारी डाळीचं पाणी समोर ठेवून मी रडत होते. ती आपली नळी सांभाळत उठली, माझ्या खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "दीदी, पहले एक चम्मच खा लो. रोना बाद में."

मी एक चमचा खाल्ला. ती म्हणाली, "अब रो लो." मला हसू आलं, आणि हसल्यावर टाके ओढले म्हणून परत रडू आलं. तेव्हापासून आमचा तोच नियम झाला, आधी चमचा.

सुट्टी होण्याच्या आधी डाएटिशियन ताई आल्या. लहानशी पोरगीच, पण बोलणं स्पष्ट. त्या म्हणाल्या, "लिव्हर परत वाढतं. कापलेला भाग भरून काढायची ताकद त्याच्यात आहे. तुम्ही त्याला सामान पुरवायचं. डाळ, अंडी, मासे, दूध, दही. एकदम पोटभर जाणार नाही, म्हणून थोडं थोडं, दिवसभर." भूक नसल्यामुळे त्यांनी एक साधी प्रोटीन पावडर लिहून दिली, दुधात घ्यायची. रक्तात कमी दिसलं म्हणून व्हिटॅमिन डी. "एवढंच. याच्याशिवाय काही सुरू करायचं असेल तर आधी फोन करा."

मी मान हलवली. दिवाकरनेही हलवली. पण आमच्या दोघांच्याही डोक्यात "काही" म्हणजे औषध. गोळी, इंजेक्शन, सिरप. बाकीचं ते खाणं, असा आमचा समज.

घरी

घरी आले आणि माणसं यायला लागली. आमच्याकडे आजाऱ्याला बघायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. एकीने गुळवेलीच्या काड्या आणल्या. एकाने भुईआवळा उपटून आणला, मुळासकट. माहेरून काविळीची माळ आली, कावीळ झालेलीच नसताना. सासूबाई ते सगळं सुपात गोळा करून ठेवायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. मी खंगले होते. गळ्याची हाडं वर आली होती. ड्रेस अंगाला लावून बघितला तर आत दोन शालू मावल्या असत्या. शालू म्हणजे मीच.

एका सकाळी दादा दोन डबे घेऊन आले. चक्कीसोबत ते एका कंपनीचे आरोग्याचे डबेही विकायचे. त्यांच्या गुडघ्याला त्यातल्या एका तेलाने आराम पडला होता, तेव्हापासून त्यांचा त्या मालावर जीव बसला होता. एका डब्यात हिरवी पावडर, दुसऱ्यात कॅप्सूल. डब्यावर झाडाच्या पानाचं चित्र आणि त्याखाली लिव्हरचं.

"हे लिव्हर साफ करते," दादा म्हणाले. "अंदर जेवढं जहर साचलं आहे ना, सगळं बाहेर. सगळा जडीबुटीचा माल आहे, साईड इफेक्ट नाई. विकत घेतलेलं नाई समजजो, तुह्यासाठी आणलं."

त्यांनी स्वतः कोमट पाण्यात पावडर कालवली आणि ग्लास माझ्या हातात दिला. चव कडू जहर. पण कडू म्हणजे गुणकारी, हे लहानपणापासून ऐकलेलं. मी नाक दाबून पिऊन टाकलं. दादांचा चेहरा असा खुलला की तेवढ्यासाठीच मी दुसऱ्या दिवशीही प्याले.

काही दिवस बरं वाटलं. पोट साफ व्हायचं. जाऊबाई म्हणाल्या, चेहऱ्यावर तेज आलं. डाएटिशियन ताईंची साधी पावडर मागे पडली, कारण एका पोटात किती कालवायचं? एक अंडं कमी झालं. दूध कमी झालं. हिरवा ग्लास मात्र चुकला नाही.

खाज

आधी तळव्यांना खाज सुटली. मग पाठीला. लघवी चहासारखी. अन्नावरची वासना परत उडाली. मी गीतादीला फोन केला, तिला म्हटलं, "दीदी, सगळं उलटं चाललंय."

"आँख देखी?" तिने विचारलं. "धूप में जाके आईना देख."

अंगणात उन्हात आरसा धरला. डोळ्यांचं पांढरं पिवळसर झालं होतं. दिवाकर जाळं दुरुस्त करत बसला होता. त्याने माझ्या हातातला आरसा बघितला, मग माझा चेहरा, आणि जाळं तसंच टाकून उठला.

नागपूरला डॉक्टर मॅडमनी रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे, जे घरी जाताना उतरले होते, ते वर चढले होते. सोनोग्राफीत लिव्हरमधल्या पित्ताच्या नळ्या मोकळ्या होत्या, पाणी साचलेलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "मग एकतर जंताची गोळी लिव्हरला सोसत नाही, किंवा दुसरं काहीतरी आहे. गोळीने कधी कधी असं होतं. दुसरं काय घेता?"

"काही नाही," मी म्हटलं. मला खरंच तसं वाटत होतं.

दिवाकर बाजूला उभा होता. तो म्हणाला, "दादाची पावडर घेते ना वो तू."

"ते औषध नाई ना."

मॅडम खुर्चीत पुढे झुकल्या. "कोणती पावडर?"

सुदैवाने दिवाकरच्या मोबाईलमध्ये डब्याचा फोटो होता. दादांनीच तो सगळ्या नातेवाईकांना पाठवला होता. मॅडमनी फोटो मोठा करून मागची बाजू वाचली. गुळवेलीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, हळदीचा अर्क, आणि शेवटी "इतर वनौषधी". त्या 'इतर' शब्दावर त्यांनी बोट ठेवलं.

"वरणातली हळद वेगळी आणि शंभर घरांच्या वरणाची हळद एका कॅप्सूलमध्ये दाबून भरलेली वेगळी," त्या म्हणाल्या. "हे सगळं पचवायचं काम कुणाचं? लिव्हरचंच. तुमचं लिव्हर आत्ता अर्धवट बांधलेलं घर आहे. त्यात तुम्ही पाहुणे उतरवले."

त्यांनी मला रागवावं असं वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. डबे बंद करायला सांगितले, आणि जंताची गोळीसुद्धा थांबवली, कारण दोष कुणाचा हे कळेपर्यंत तीही देता येत नव्हती. ती गोळी मला हवी होती. ती थांबली तर उरलासुरला जंत परत गाठ धरू शकत होता. ताकदीसाठी घेतलेल्या पावडरीने माझं खरं औषध बंद पाडलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. भीती वाटत होतीच. पण वरोरा मागे पडलं तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. आता माझ्या तोंडात काय जाईल ते मी ठरवणार. कुणाचं मन मोडो.

दादांशी बोलणं

ते बोलणं टाळता आलं असतं. दिवाकर म्हणालाच, "दादाले कायले सांगा लागते? गुपचूप बंद कर. डबा ठेवून दे."

पण मग उद्या ते नवा डबा आणणार. आणि दुसऱ्या कुणाच्या घरी हाच डबा जाणार. मी चक्कीवर गेले. गिऱ्हाईक नव्हतं. दादांनी पट्टा थांबवला. सगळीकडे पिठाचा धुरळा. मी दोन्ही डबे काउंटरवर ठेवले आणि मॅडम जे म्हणाल्या ते सगळं सांगितलं.

दादांनी एक डबा उचलून त्यावरचं पीठ पुसलं. मग म्हणाले, "मी तुले जहर देईन का वो शालू?"

"नाई दादा. तुमी मले रक्त देल्लं."

"मंग? गावातले किती लोक घेऊन राह्यले. कोणाले काही नाई झालं. त्या डॉक्टरनीच्या गोळीनंच झालं असन. आपल्या मालावर ढकलून राह्यली."

"असू शकते. मॅडम पण तसंच म्हणाल्या, गोळीचं असू शकते. म्हणून दोन्ही बंद केलं. पण मी हे पुन्हा घेणार नाई. आणि तुमी आणलेलं दुसरं काही पण नाई, डॉक्टरले विचारल्याशिवाय."

त्यांनी पट्टा परत सुरू केला. चक्कीच्या आवाजात बोलता येत नाही. मी घरी आले.

त्यानंतर जाऊबाईंचं येणं बंद झालं. सासूबाई दोन्ही घरांच्या मध्ये अडकल्या. एकदा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ज्यानं जीव वाचवला त्यालेच शिकवाले गेली." मी म्हटलं, "माय, जीव वाचवला म्हणूनच तो सांभाळा लागते." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. पण दुसऱ्या दिवशी सुपातली गुळवेल, भुईआवळा, माळ, सगळं उकिरड्यावर गेलेलं दिसलं.

काय खाल्लं

आता कामाचं सांगते.

सकाळी उठल्यावर मुगाच्या वरणाचं घट्ट पाणी, मीठ-जिऱ्याचं. थोड्या वेळाने अंडं. दुधात ताईंची साधी पावडर, जी परत सुरू केली. दुपारी मऊ भात आणि मासा. मासा म्हणजे दिवाकरचं खातं. तो मरळ आणायचा, कारण काटा कमी आणि मांस घट्ट. तिखट-तेल न घालता हळद, लसूण आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकून पातळ रस्सा करायचा. आमच्या घरात पुरुषाने चुलीजवळ बसणं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने मासा असा शिजवला की त्याचा लगदा झाला. मी तो चमच्याने खाल्ला. तो समोर बसून विचारत होता, "बरा हाय का?" मी म्हटलं, "मऊ हाय." पुढे पुढे त्याचा रस्सा माझ्यापेक्षा चांगला व्हायला लागला, हे मी अजून त्याच्यासमोर कबूल केलेलं नाही.

जेवण गेलं नाही तर दही. संध्याकाळी भाजलेले चणे किंवा उकडलेला सिंगाडा. भाजी दोनदा धुतल्याशिवाय घरात चिरायची नाही, कुत्री दारात गोळा होऊ नयेत म्हणून मासे साफ केलेलं काही त्यांना टाकायचं नाही, हेही तेव्हाच ठरलं.

भूक लागायची वाट बघायची नाही, हे मला कळायला वेळ लागला. भूक येतच नाही. गीतादीसारखं करायचं, आधी चमचा. काही दिवस एकेक घास म्हणजे डोंगर वाटायचा. मी तलावाच्या पाळीवर चालायला जायचे, आज मोठ्या चिंचेपर्यंत, परवा पाटाच्या दारापर्यंत. बसायचे, उठायचे, परत यायचे. पाळीवरच्या बायका विचारायच्या, "काऊन वो शालू, काही टॉनिक-बिनिक घेते का नाई?" मी म्हणायचे, "मासा."

पुढच्या तपासणीत आकडे उतरले. त्याच्या पुढच्या वेळी आणखी उतरले. डोळे पांढरे झाले, खाज गेली. मग मॅडमनी जंताची गोळी परत सुरू केली, आणि दर थोड्या दिवसांनी रक्त बघत राहिल्या. त्या दिवसांत मी रोज उन्हात आरसा धरायचे. आकडे जागेवर राहिले. मॅडम म्हणाल्या, "शंभर टक्के छातीठोकपणे कुणी सांगू शकणार नाही. पण गोळी परत देऊनही लिव्हर शांत आहे. म्हणजे माझा संशय त्या डब्यावरच."

मी विचारलं, "मग पावडर अशी घ्यायचीच नाही का कुणी?"

"तुम्ही एक पावडर घेताच आहात की. कमी पडतंय ते भरायला पावडर चालते, रक्त बघून, सांगून. लिव्हर साफ करायला काही लागत नाही. साफ करायचं काम ते स्वतःच करतं."

गेट

पावसाळ्यानंतर जंगलाचा आतला कोअर भाग सफारीसाठी उघडला तेव्हा मी गेटवर होते, पण जिप्सीत नव्हते. मॅडमची परवानगी मिळाली नव्हती. सोबतच्या बायका ड्रेस घालून एकेक गाडीत बसल्या आणि मी काउंटरजवळ उभी राहून पाहुण्यांना पिशव्या-प्लास्टिक आत नेऊ नका सांगत होते. वाईट वाटलं. घरी येऊन भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी परत गेले.

थंडी चांगली पडली तेव्हा स्कॅन झालं. लिव्हर भरून आलं होतं. स्क्रीनवर मॅडमनी दाखवलं, मला त्यातलं काही समजलं नाही, पण त्यांच्या बोटाने रेघ ओढली तिथपर्यंत ते माझं होतं. "बसा जिप्सीत," त्या म्हणाल्या, "पण ड्रायव्हरला हळू चालवायला सांगा." पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही. पाहुणे हिरमुसले. मी त्यांना एका वाळलेल्या झाडावर बसलेला मत्स्यगरुड दाखवला आणि त्याच्याबद्दल इतकं बोलले की ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, आता तरी श्वास घ्या."

दादा

दादा या सगळ्या काळात बोलले नव्हते. सणाला आले, जेवले, गेले. मीही गेले नाही. मी चुकले नव्हते, आणि ते वाईट नव्हते, त्यामुळे माफी कुणी कुणाची मागायची हेच कळत नव्हतं.

मग एका सकाळी मोटारसायकल दाराशी थांबली. दादा उतरले नाहीत. हॉर्नही वाजवला नाही. मीच बाहेर गेले. त्यांच्या गालांना पीठ लागलेलं होतं, म्हणजे चक्की अर्धवट सोडून आले होते.

"शालू, जरा चालतेस का माह्यासंग?"

"कुठी?"

"त्या पलीकडच्या टोल्यातल्या वस्तीवर. श्रावणभाऊच्या घरी." ते थांबले. "त्याले माह्याच डबा चालू हाय. पंधरवड्यापासून. काल चक्कीवर आला होता दळण घेऊन. त्याचे डोळे पाह्यले मी."

मी चप्पल घातली आणि मागे बसले. रस्ताभर खड्डा आला की दादा गाडी अगदी हळू करत होते.

श्रावणभाऊ ओट्यावर बसले होते, अंगाला गोणपाट घासत. खाजेचं ते घासणं मी ओळखलं. आम्हाला बघून त्यांच्या बायकोने पाण्याचा गडवा आणला. मला वाटलं आता मलाच बोलावं लागणार. मी तोंड उघडलं, तेवढ्यात दादा पुढे झाले आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसले. घरात खुर्ची असताना, खाली.

"श्रावणभाऊ, थो डबा आणा," ते म्हणाले. "मीच देल्ला होता. मीच घेऊन जाऊन राह्यलो. माह्या घरच्या सुनेले याच्यानंच झालं असं वाटते. मले तवा पटलं नाई."

श्रावणभाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग दादांकडे. त्यांची बायको आतून डबा घेऊन आली, तो हिरवा, पानाच्या चित्राचा, अर्धा संपलेला. दादांनी तो घेऊन पिशवीत टाकला. त्यांचे हात पिठाचे असल्याने डब्यावर पांढरी बोटं उमटली.

"मंग आता काय घेऊ?" श्रावणभाऊंनी मला विचारलं. "दुसरं काही चांगलं आहे का वो बाई? तुले माहीत असन. तू तर बरी झाली."

अंगणात त्यांची बायको माझ्याकडे बघत उभी होती. तिला नाव हवं होतं, एखाद्या डब्याचं, मुळीचं, कशाचंही. माझ्याकडे ते नव्हतं. पण मला काय करायचं ते माहीत होतं.

"आता काही घेऊ नका," मी म्हटलं. "उठा, चपला घाला. पहिले रक्त तपासाले जाऊ."

दादांनी गाडी वळवून आधीच सुरू केली होती.